रांगोळीची रेघ मोडली का?

वाचकांचे प्रश्न : या वेळी मांजरांविषयी. उत्तरं देणारा गट अडचणीतली मांजरं सोडवतो आणि दत्तक देतो. गटात सगळे नोकरीधंदा सांभाळून हे काम करतात. गटाकडे रुग्णवाहिका नाही, निवारा नाही. सोडवलेली पिल्लं कुणाच्या तरी घरच्या बाथरूममध्येच वाढतात.

प्रश्न : इमारतीच्या मीटरच्या खोलीत चार पिल्लं आहेत. डोळेही उघडलेले नाहीत. सकाळपासून आई दिसलेली नाही. तुम्ही घेऊन जाल का? तोवर दूध कोणतं द्यावं? (ठाणे)

आधी हात लावू नका. आई दिसत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की तुम्ही तिथे उभे आहात. लांबूनच बघा. पोटं गोल आहेत आणि पिल्लं एकमेकांवर रचून गप्प झोपली आहेत, म्हणजे आई येऊन गेली. पिल्लांभोवती हातभर अंतरावर पांढऱ्या रांगोळीची बारीक रेघ ओढा आणि ३-४ तास तिकडे फिरकू नका. काही जण पीठ भुरभुरतात, पण पिठाला मुंग्या लागतात आणि डोळे मिटलेल्या पिल्लाला मुंग्या जिवंत सोलून काढतात. रेघ मोडली, पंज्याचे ठसे उमटले, की प्रश्न मिटला. आणि हो, वॉचमनकाकांना विचारा, सकाळी खोलीला कडी कोणी लावली? आई बाहेर कोंडली जाणं हे पिल्लं ‘अनाथ’ होण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

रेघ तशीच राहिली, पोटं खपाटीला गेली, ओरडा थांबेना, किंवा अंगावर मुंग्या चढलेल्या दिसल्या, तर मात्र उचला. मुंग्या दिसल्या तर ३ तास थांबण्यातही अर्थ नाही. पहिलं काम दूध नव्हे, ऊब. करंगळी पिल्लाच्या तोंडात घालून बघा. तोंड गार लागलं तर एक थेंबही पाजू नका. गारठलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही, दूध पोटात तसंच पडून नासतं. पिल्लं खोक्यात ठेवा आणि गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लाला सरकता येईल. तासाभरात अंग हाताला ऊबदार लागलं की मग पाजा.

गाईम्हशीच्या दुधाने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी एका दिवसात संपतं. प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच आणा. १०० ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी ४ मिलि.च्या आसपास मावतं. पहिल्या आठवड्यात दर २-३ तासांनी, रात्रीसुद्धा. पाजताना पिल्लू पालथं, आईला लुचतं तसं धरा. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जातं. दोन दिवसांनी न्यूमोनिया होऊन पिल्लू जातं आणि घरचे म्हणतात, ‘छान पीत होतं की!’ नाकातून दूध आलं तर लगेच थांबा. पाजून झालं की कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसत राहा. ३ आठवड्यांपर्यंत पिल्लं आपली आपण शी-शू करत नाहीत, आई चाटते तेव्हा होते. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. दिवसाला १०-१५ ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वाढलं नाही तर डॉक्टरांना फोन, घटलं तर थेट दवाखाना.

घेऊन जायचं म्हणाल, तर रात्री दर ३ तासांनी उठणारं माणूस मिळेपर्यंत तुम्हालाच सांभाळायला लागेल.

प्रश्न : तुमच्याकडे मांजर मागितलं. सहाव्या मजल्यावर जाळी नाही म्हणून नाही म्हणालात. फुकट मांजर द्यायला एवढ्या अटी? (पुणे)

मांजर तोल जाऊन क्वचितच पडतं. पडतं ते कबुतरामागे झेपावताना, आणि त्या क्षणी त्याला मजला दिसत नाही. पडल्यावर ते पायांवर उतरतं हे खरं, पण सहाव्या मजल्यावरून येताना जबडा, टाळू आणि छाती यांना पाय वाचवू शकत नाहीत.

जाळी म्हणजे काय, हेही सांगतो. डासांची जाळी मांजर नखांनी एका दुपारी फाडतं. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी चालते, पण उन्हाने ती कडक होते आणि काही मांजरं ती चावून तोडतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मूठ दाबून तपासा आणि हुक हलवून बघा. स्टीलची जाळी उत्तम. भोक एक इंचाहून मोठं नको. तारांच्या त्या ‘अदृश्य’ ग्रिलमध्ये दोन तारांत साधारण दोन इंचांची फट असते, त्यातून दोन महिन्यांचं पिल्लू आरामात निसटतं. सगळ्यात जास्त विसरतात ती बाथरूमच्या खिडकीतली काचेच्या तिरक्या पट्ट्यांची झडप आणि एक्झॉस्ट पंख्याचं भोक.

बाकीच्या अटींमागेही अशीच कारणं आहेत. घरातल्या सगळ्यांना आम्ही विचारतो, कारण मांजर परत येतं ते बहुतेकदा न विचारलेल्या माणसामुळे. भाड्याचं घर असेल तर मालकांची परवानगी लागते. मूल होणार म्हणून मांजर परत करणारेही पुष्कळ. त्यांना भीती असते टोक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या जंतूची. हा जंतू विष्ठेत पडल्यापासून संसर्गजोगा व्हायला किमान एक दिवस घेतो. तेव्हा मांजराच्या शी-शूचा ट्रे रोज साफ करायचा आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणी करायचा, एवढं पुरतं.

प्रश्न : आमच्या घरी मांस-मासे येत नाहीत. मांजर दूध-पोळीवर राहील ना? (सांगली)

जगेल, पण आजारी पडेल. मांजराला टॉरिन (शरीराला लागणारा एक पोषक घटक) मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू निकामी होतात, आणि हे कळेपर्यंत महिने गेलेले असतात. घरात मांस शिजवायचं नसेल तर तयार कोरडं खाद्य द्या. ४ किलोच्या मांजराला दिवसाला ५०-६० ग्रॅम पुरतं, सोबत भरपूर पाणी. तेही घरात चालणार नसेल तर ससा पाळा.

प्रश्न : दत्तक घेतलेलं पिल्लू उलट्या-जुलाबांनी चार दिवसांत गेलं. डॉक्टर म्हणाले पॅनल्यूकोपेनिया. सगळं घर फिनाईलने पुसून काढलंय. आता दुसरं कधी आणू? (नाशिक)

पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार. फिनाईलने हा विषाणू मरत नाही. उलट मांजर पंजे चाटतं तेव्हा फिनाईलचं विष पोटात जातं. आधी साबणाने फरशी घासा, कारण मळावर ब्लीच काम करत नाही. मग लिटरभर पाण्यात ३० मिलि. साधं ब्लीच घालून पुसा आणि १० मिनिटं ओलं राहू द्या, नंतर स्वच्छ पाण्याने पुसा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास धुण्याचं द्रावण कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. गाद्या, ट्रे, खेळणी टाकून द्या. हा विषाणू घरात वर्षभर तग धरू शकतो, म्हणून पुढचं पिल्लू लसीचे दोन डोस होऊन दोन आठवडे उलटल्यावरच आणा. त्याहून बरं म्हणजे लस झालेलं मोठं मांजर. त्यांना कुणी विचारत नाही.

प्रश्न : सोसायटीत १५ मांजरं झाली. पकडून लांब सोडून येता येईल का? (सेक्रेटरी, डोंबिवली)

नाही. उपाशीतापाशी मरायला प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ११ चा गुन्हा आहे. शिवाय कचरा आणि उंदीर जागेवरच राहतात, त्यामुळे रिकामी जागा नवी मांजरं भरतात, आणि ती नसबंदी न झालेली. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि ९ आठवड्यांत विते. म्हणून नसबंदी, आणि तीही आधी माद्यांची.

पिंजरा आम्ही देऊ. पकडायच्या आदल्या संध्याकाळपासून सगळ्यांनी मांजरांना खाणं घालणं बंद ठेवायचं. अडचण इथेच येते, चौथ्या मजल्यावरच्या आजी गुपचूप खालीच आणून घालतात. पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्र, अगदी मागच्या टोकाला भाजलेली सुकट. दार पडल्यावर लगेच चादर टाका. अंधारात मांजर शांत होतं, नाहीतर जाळीवर तोंड आपटून नाक फोडून घेतं. शस्त्रक्रियेनंतर बोक्याला एक दिवस, मांजरीला ३ ते ५ दिवस कोरड्या खोलीत ठेवा, मग जिथून उचललं तिथेच सोडा. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर त्या मांजराची नसबंदी झालेली आहे, पुन्हा पकडू नका. पुढच्या मांजराआधी पिंजरा धुवून उन्हात वाळवा. आधीच्याच्या भीतीचा वास राहिला तर काही मांजरं सुकटीला भुलत नाहीत, दारातूनच वळतात.