वाचक विचारतात : विमानाच्या नावातला ३७

प्रश्न : होमी भाभा ज्या विमानात गेले ते बोइंग ७०७-४३७. पुढे १९८५ साली अटलांटिकवर ज्यात बॉम्बस्फोट झाला ते 'कनिष्क' बोइंग ७४७-२३७. जुनी कात्रणे चिकटवताना हे ध्यानात आले. दोघांच्या शेपटीला ३७ कसे? नातू जळगावहून विमानाने जायचा आहे आणि घरच्यांनी या आकड्याचा धसका घेतलाय.
— एक वाचक, रावेर

उत्तर : आबा, कात्रणे नीट वाचलीत. पण तो ३७ विमानाचा नाहीच, गिऱ्हाइकाचा आहे. बोइंगकडे एअर इंडियाचा खाते क्रमांक ३७.

आमच्या भुसावळच्या शेडजवळ वाढलेल्या पोरालाही डब्ल्यूएपी-४ म्हटले की ब्रॉडगेजचे, एसी विजेवरचे, पॅसेंजर ओढणारे इंजिन हे कळते. विमानाचे नावही असेच सुटे करून वाचायचे. ७०७ हे मॉडेल. पुढचा ४ म्हणजे ४०० ही मालिका, रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिने बसवलेली. त्या ४०० मधली दोन शून्ये काढून तिथे घेणाऱ्याचा क्रमांक घालायचा : झाले ४३७. तेच विमान ब्रिटनच्या बीओएसीने घेतले तर ४३६, लुफ्तान्साने घेतले तर ४३०. 'कनिष्क' ७४७ च्या २०० मालिकेतले, म्हणून २३७. एअर इंडियाने बोइंगकडून नवी कोरी घेतलेली जंबो विमाने वर्षानुवर्षे ३७ लावूनच आली आणि त्यातली बहुतेक म्हातारी होईपर्यंत उडाली. भाभांचे 'कांचनजंगा' २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लांवर आदळले, 'कनिष्क' घातपाताने गेले. आकड्याचा दोन्हीकडे संबंध नाही. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, अहमदाबादला पडलेले ७८७-८ होते. त्याच्या नावात ३७ नव्हताच.

मी हँगरमध्ये नोकरी केली, म्हणून सांगतो, हा क्रमांक शोभेचा नव्हता. दोन कंपन्यांची ७४७ बाहेरून सारखी दिसली तरी आत स्वयंपाकघर वेगळ्या जागी, कॉकपिटातली काही यंत्रे वेगळी, वायरिंग वेगळे. एकाचे वायरिंगचे पुस्तक दुसऱ्याच्या विमानाला लावले तर दिवस फुकट जायचा. त्यामुळे पुस्तक उघडण्याआधी विमान कोणाचे ते बघायची सवयच होती.

आणि एकदा लागलेला क्रमांक निघत नाही. विमान विकले, रंग बदलला, तरी कागदावर पहिल्या मालकाचेच नाव. पंतप्रधानांचे हल्लीचे मोठे विमान कागदोपत्री ७७७-३३७ईआरच आहे, कारण ते मुळात एअर इंडियासाठी बनले. भाड्याने विमाने देणाऱ्या कंपन्यांचेही स्वतःचे क्रमांक असतात. अमेरिकेच्या आयएलएफसीचा क्यू८. म्हणजे भाडेकरू विमानावर आपले नाव मोठ्या अक्षरांत रंगवतो, पण सातबारा घरमालकाचा!

दोन आकडे पुरेनासे झाले तेव्हा बोइंगने अक्षरे मिसळली. इंडियन एअरलाइन्सचे ७३७-२ए८, जेट एअरवेजचे ७३७-८५आर, स्पाइसजेटचे ७३७-८जीजे. ७८७ आणि ७३७ मॅक्सपासून मात्र ही पद्धत बंद. आता नुसते ७८७-८ किंवा ७८७-९, घेणारा कोणीही असो. मला ते जरा बेचवच वाटते.

एअरबसने गिऱ्हाईक नावात कधी आणलेच नाही. तिथे इंजिन बोलते. ए३२०-२३२ मध्ये २ ही मालिका, ३ म्हणजे आयएई कंपनीचे इंजिन, शेवटचा २ त्या इंजिनाचा प्रकार. मधे १ असेल तर इंजिन सीएफएमचे. नव्या इंजिनांच्या 'निओ' प्रकारात ५ म्हणजे सीएफएमचे लीप, ७ म्हणजे प्रॅट अँड व्हिटनीचे.

आता नातवाचे. जळगावला येते ते एटीआर ७२, पंख्याचे छोटे विमान. ते बोइंगचे नाहीच, फ्रेंच-इटालियन भागीदारीतले आहे. त्यात ७२ हा साधारण आसनांचा अंदाज. धाकट्या भावाचे नाव म्हणूनच एटीआर ४२. जाहिरातीत ७२-६०० लिहितात, पण परवान्याच्या कागदावर त्याचे नाव ७२-२१२ए. घरच्यांना दोन्ही नावे वाचून दाखवा, ३७ कुठेच नाही.