महाबलीपुरमचा जुना दीपस्तंभ नेमका कोणता?

प्रश्न : आम्ही मूल तालुक्यातील (जि. चंद्रपूर) एका खेड्यात राहतो. दिवाळीच्या सुटीत मुलांना समुद्र दाखवावा म्हणून बल्लारशाहून रेल्वेने चेन्नईस व तेथून महाबलीपुरमला जाण्याचा बेत आहे. तेथे बाराशे वर्षांपूर्वीचा दीपस्तंभ असल्याचे ऐकले. परंतु छायाचित्रांतील गोल दगडी मनोरा तितका जुना वाटत नाही. खरा कोणता? आणि विजेविना उजेड लांबवर कसा दिसत असे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. तो गोल मनोरा विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. लोक ज्याला जुना दीपस्तंभ म्हणतात, ते त्याच टेकडीवरील आठव्या शतकातील ओलक्कनेश्वराचे पल्लवकालीन शिवमंदिर होय. त्याचे शिखर आज उरलेले नाही. ते दीपस्तंभ म्हणून बांधलेले नव्हते. उंचावर असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात त्याच्या माथ्यावर जहाजांसाठी दिवा लावला जाऊ लागला. तेव्हा बाराशे वर्षे मंदिराची, दिव्याची नव्हेत, हे मुलांना आवर्जून सांगावे. मंदिराच्या खाली महिषासुरमर्दिनीची लेणी आहे. भद्रावतीची विजासन लेणी आपण पाहिली असतील, तर खडक आत कोरत नेणे म्हणजे काय ते वेगळे सांगावयास नको. वरचे मंदिर मात्र, आपल्या मार्कंड्याच्या देवळांप्रमाणे, घडीव दगड एकावर एक रचून उभारलेले आहे. हा फरक तेथे चार पावलांत दिसतो, आणि माझ्या मते तोच मनोऱ्यापेक्षा अधिक पाहण्याजोगा आहे.

उजेडाचे म्हणाल, तर तो किती लांब दिसेल हे दिव्याच्या तेजाइतकेच त्याच्या उंचीवर ठरते, कारण पृथ्वीच्या गोलाईमुळे दूरचा दिवा क्षितिजाआड जातो. पाण्यापासून २५ मीटर उंचीवरील दिवा पाण्यालगतच्या डोळ्याला सुमारे १८ किलोमीटरपर्यंत दिसू शकतो, आणि हे अंतर दुप्पट करावयाचे तर उंची चौपट लागते. टेकडी असली की ही उंची आयतीच मिळते. अलेक्झांड्रियाला सपाट किनाऱ्यावर ती सोय नव्हती, म्हणून तेथे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात शंभर मीटरहून उंच मनोरा बांधावा लागला. तो पुढे भूकंपांनी ढासळला. स्पेनमधील ला कोरुन्याचा रोमन दीपस्तंभ मात्र, अठराव्या शतकात नवे दगडी आवरण चढवून का होईना, आजही चालू आहे. तेजाची उणीव फ्रान्सच्या फ्रेनेलने भरून काढली : त्याचे कंगोरेदार भिंग १८२३ साली प्रथम दीपस्तंभावर बसले आणि इकडेतिकडे विखुरणारा प्रकाश एका झोतात गोळा होऊ लागला.

एक व्यावहारिक सूचना. दिवाळीत आपल्याकडे पाऊस संपलेला असतो, पण तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाचे तेच दिवस असतात. छत्र्या न्याव्यात, आणि टेकडीवरचा ओला कातळ निसरडा असल्याने मुलांच्या पायांत पकड असलेले जोडे असावेत. नव्या मनोऱ्याचे तिकीट पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाहून वेगळे असते; चढण्याची वेळ तेथे पोहोचताच विचारून घ्यावी, म्हणजे त्यानुसार मंदिर आधी की मनोरा आधी हे ठरवता येईल.