नाशिकमधील आमच्या बालवाडीत पालकसभेसाठी मुलांच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी कार्यक्रमातील एखाद्या प्रसिद्ध पाहुण्याचा प्रसंग दाखवायचा आहे, कोणता निवडावा?

१९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी मालिकेत अभिनेते जेम्स अर्ल जोन्स यांनी केलेले इंग्रजी मुळाक्षरांचे वाचन निवडावे. पडद्यावर अक्षर आधी उमटते आणि जोन्स ते बऱ्याच विरामानंतर, धीरगंभीर आवाजात उच्चारतात. या विरामामुळे पहिल्यांदा पाहणारी मुले त्यांच्या मागून, नंतर त्यांच्याबरोबर आणि पुढे त्यांच्याही आधी अक्षर म्हणू लागतात, असे मालिकेच्या संशोधकांनी नोंदवले होते. याच मालिकेत १९७३ मध्ये स्टीव्ही वंडर यांनी केलेले गायन अधिक गाजलेले आहे, परंतु ते मुख्यतः करमणूक ठरते. जोन्स यांच्या प्रसंगात मात्र पाहुणाच शिकवण्याचे साधन बनतो, म्हणून माझे मत त्यांच्या बाजूने आहे. मर्यादा एवढीच की, ही अक्षरे इंग्रजी असल्याने मराठी माध्यमाच्या मुलांना त्यांचा थेट उपयोग कमी होईल; तेव्हा पालकांना प्रसंग दाखवून झाल्यावर ताईंनी ‘क’चे कार्ड धरावे, मनात पाच आकडे मोजावेत (हे वाटते त्यापेक्षा अवघड असते) आणि मगच अक्षर उच्चारावे.