मिडल्सबरोमध्ये छतावरच्या अँटेनावर निम्मेच चॅनेल नीट दिसतात, बूस्टर घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे : इंग्लंडमध्ये मिडल्सबरोला भाड्याच्या घरात नुकतेच राहायला आलात, छतावर आधीपासून अँटेना आहे, टीव्ही जोडल्यावर बीबीसी आणि आयटीव्ही बरे दिसतात, पण सिनेमांचे आणि जुन्या मालिकांचे चॅनेल चौकोन चौकोन होऊन तुटतात, संध्याकाळी जास्तच. दुकानदार बूस्टर (सिग्नल वाढवणारं उपकरण) घ्या म्हणतो, मित्र म्हणतात अँटेनाचा नाद सोडा आणि सगळं इंटरनेटवर बघा.

बूस्टर आत्ता घेऊ नका. आधी रस्त्यावर उभं राहून तुमची अँटेना कुठे तोंड करून आहे ते बघा. मी याच भागात बरीच वर्षं राहतो आणि इथल्या छतांचा गेल्या काही वर्षांतला इतिहास माहीत असल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

तुमच्या भागाचं मुख्य प्रक्षेपण केंद्र म्हणजे बिल्सडेल, नॉर्थ यॉर्क मूर्सच्या माळावर. पुण्याकडच्या माणसाला सिंहगडावरचा टॉवर आठवावा अशीच ती जागा, सगळ्या मुलुखावर नजर ठेवून उभी. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून केंद्र जितकं उंचावर तितकी जास्त घरं त्याच्या टप्प्यात येतात. तिथला जुना टॉवर 314 मीटरचा होता. 10 ऑगस्ट 2021 रोजी त्याला आग लागली आणि टीसाइड, नॉर्थ यॉर्कशर, काउंटी डरॅम या पट्ट्यातल्या लाखो घरांतला टीव्ही आणि रेडिओ एका दिवसात गेला.

ते आठवडे मी विसरलेलो नाही. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट होतं त्यांना फारसा फरक पडला नाही. पण आमच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दिवसभर घरात बोलणारी एकच वस्तू होती, ती गप्प झाली. कोविडची टाळेबंदी नुकती सरली होती, त्यामुळे ते आणखीच लागलं. म्हणूनच ‘अँटेना कशाला, इंटरनेट आहे ना’ हे वाक्य मला पटत नाही. महिन्याचं बिल नाही, पासवर्ड नाही, बटण दाबलं की चालू, अशी दुसरी सोय अजून झालेली नाही.

जळलेला टॉवर 6 ऑक्टोबरला स्फोटकांनी पाडला. तात्पुरता टॉवर उभारायचा तर माळावर जायचा रस्ता हवा, त्यावरून जमीनमालकाशी प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. शेवटी 80 मीटरचा तात्पुरता टॉवर 13 ऑक्टोबरला सुरू झाला, पण 314 मीटरवरून जे साधत होतं ते 80 मीटरवरून कसं साधणार? दऱ्यांतली आणि टेकड्यांमागची घरं राहिलीच. नवा उंच टॉवर कामाला लागला तो 2023 मध्ये.

मधल्या काळात लोकांनी काय केलं, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. मिडल्सबरोच्या पूर्वेला ईस्टन नॅब नावाची टेकडी आहे, तिथून तात्पुरतं प्रक्षेपण सुरू केलं होतं. अनेकांनी शिडीवाला बोलावून अँटेना तिकडे फिरवून घेतली. काहींनी वायव्येला असलेल्या पॉन्टॉप पाइककडे फिरवली. बिल्सडेल परत आल्यावर यातल्या किती अँटेना पुन्हा जागेवर फिरवल्या गेल्या? मालकाने स्वतः राहायच्या घरावरची फिरवली असेल, भाड्याच्या घरावरची बहुधा तशीच राहिली. तुमची त्यातलीच एक असावी असा माझा दाट संशय आहे.

मोबाइलमधलं होकायंत्र काढा. मिडल्सबरोहून बिल्सडेल जवळजवळ सरळ दक्षिणेला, साधारण 24 किलोमीटरवर आहे. पॉन्टॉप पाइक वायव्येला, त्याच्या दुप्पट लांब. अँटेनाच्या एका टोकाला जाळी किंवा मोठा आडवा भाग असतो ती तिची पाठ, आणि छोट्या काड्यांचं निमुळतं टोक म्हणजे तोंड. तोंड दक्षिणेकडे नसेल तर अर्धं निदान तिथेच झालं. काड्या आडव्या आहेत की उभ्या तेही पाहा. बिल्सडेलसाठी त्या आडव्या हव्यात, उभ्या असतील तर अँटेना एखाद्या छोट्या सहाय्यक केंद्रासाठी लावलेली असू शकते. अशा बहुतेक केंद्रांवरून मोजकेच चॅनेल मिळतात.

बीबीसी बरं आणि बाकीचे तुटके, असं का? इथे चॅनेल एकेकटे येत नाहीत, गठ्ठ्याने येतात. एका गठ्ठ्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. मोठ्या केंद्रावरून राष्ट्रीय असे सहा निघतात. पहिले तीन सार्वजनिक सेवेचे, त्यांत बीबीसी, आयटीव्ही, चॅनेल 4, चॅनेल 5 वगैरे. उरलेले तीन व्यापारी. सार्वजनिक सेवेचे साधे (एचडी नसलेले) गठ्ठे सेकंदाला 24 मेगाबिटच्या आसपास माहिती नेतात, व्यापारी गठ्ठे 27. त्याच जागेत जास्त चॅनेल कोंबायचे म्हणून चूक दुरुस्त करण्यासाठी राखलेला भाग कमी केलेला असतो, त्यामुळे सिग्नल जरा कच्चा पडला की आधी हेच मोडतात. पहिले तीन गठ्ठे देशातल्या 98.5 टक्के घरांपर्यंत पोचतात, व्यापारी सुमारे 90 टक्के. तुमची लक्षणं या हिशेबात नेमकी बसतात : सिग्नल येतोय, पण काठावरचा.

आणि डिजिटलमध्ये काठावरचं फार फसवं असतं. आपल्याकडे जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण आतलं दिसत राहायचं, अँटेना फिरवता फिरवता मुंग्या कमी झाल्या की कळायचं आपण बरोबर दिशेला चाललोय. इथे तसं काही कळत नाही. चित्र एकतर स्वच्छ असतं, नाहीतर फुटतं, आणि या दोन्हींमध्ये फरक अगदी थोड्या सिग्नलचा असतो. म्हणून टीव्हीच्या मेनूत सिग्नलच्या माहितीत जाऊन दोन आकडे बघायचे, ताकद आणि दर्जा. ताकद भरपूर आणि दर्जा कमी असेल तर बूस्टरने परिस्थिती बिघडते. तो चांगल्याबरोबर वाईटही वाढवतो आणि ट्यूनर (टीव्हीतला सिग्नल पकडणारा भाग) गुदमरतो.

अँटेनाच्या टोकाला प्लॅस्टिकचं रंगीत बूच असतं, तेही खालून दुर्बिणीने किंवा मोबाइलचा झूम वापरून बघा. लाल म्हणजे खालच्या, साधारण 21 ते 37 क्रमांकांच्या लहरींच्या पट्ट्यांसाठी (हे टीव्हीवरच्या चॅनेलचे नंबर नव्हेत). बिल्सडेलच्या जुन्या अँटेना अशाच. एखादा गठ्ठा त्यावरच्या क्रमांकावर असेल तर तेवढाच कमजोर येतो. हिरवं म्हणजे 48 च्या वरच्यांसाठी. पॉन्टॉप पाइक पूर्वी तिथे होतं. पण 2020 पर्यंत 49 ते 60 हा पट्टा टीव्हीकडून काढून मोबाइल सेवेसाठी रिकामा केला गेला. म्हणजे हिरव्या बुचाची अँटेना आज टीव्हीला कमी ऐकते आणि मोबाइलच्या मनोऱ्यांना जास्त. ती फिरवून उपयोग नाही, बदलावी लागते. राखाडी बूच (21 ते 48) असेल तर नशीब समजा.

भाड्याच्या घरात आणखी एक गोष्ट सर्रास आढळते. छतावर आधीच अँप्लिफायर, म्हणजे बूस्टरच, बसवलेला असतो आणि त्याला वीज देणारा छोटा डबा खाली टीव्हीच्या मागे, पोटमाळ्यात किंवा एखाद्या कपाटात असतो. आधीचा भाडेकरू तो काढून घेऊन जातो किंवा साफसफाईत कुणीतरी प्लग उपटतो. मग वीज न मिळालेला अँप्लिफायर सिग्नल अडवून बसतो. केबलच्या वाटेने हात फिरवत जा आणि असा डबा शोधा. जाता जाता प्लग हलतो का, केबल कुठे चेपली आहे का, तेही बघून घ्या.

संध्याकाळचं म्हणाल तर दोन कारणं शोधा. बॉयलर, फ्रिज किंवा दिव्याचं बटण यांच्या वेळेशी चित्र तुटण्याची वेळ जुळते का? जुळली तर दोष बहुधा जुन्या केबलचा. उन्हाळ्यात दिवसभर ऊन पडून संध्याकाळी हवा स्थिर झाली की वरची हवा गरम आणि खालची थंड असा थर बनतो, आणि त्यातून लांबच्या केंद्रांचे सिग्नल वळून येतात आणि आपल्या सिग्नलवर चढतात. अशा दिवशी काहीही करायचं नाही. विशेषतः रीट्यून (टीव्हीला चॅनेल पुन्हा शोधायला लावणं) अजिबात नाही, कारण टीव्ही नेमक्या त्या तासाला चांगल्या येणाऱ्या परक्या केंद्राचे चॅनेल साठवतो आणि आपले पुसून टाकतो. एमली मूरचं केंद्र पकडलंत तर स्थानिक बातम्या न्यूकॅसलऐवजी लीड्सच्या लागतील.

टीव्ही भारतातून आणलेला असेल तर त्यात डीव्हीबी-टी2 (डिजिटल प्रक्षेपणाची नवी पद्धत) पकडणारा ट्यूनर आहे का ते तपासा. इथले एचडी चॅनेल त्यावरच येतात. लायसन्सचंही लक्षात ठेवा : कुठलाही चॅनेल थेट बघायचा तर ते लागतं, इंटरनेटवरून बघितला तरी, आणि बीबीसीच्या आयप्लेअर या इंटरनेट सेवेलाही. एप्रिल 2025 मध्ये ते वर्षाला 174.50 पौंड झालं होतं.

छतावर स्वतः चढू नका, इथली उतरती कौलं पावसात भयंकर निसरडी होतात. अँटेना घरमालकाची आहे, तेव्हा घर भाड्याने देणाऱ्या एजन्सीला लेखी कळवा आणि नुसतं ‘टीव्ही दिसत नाही’ असं न लिहिता ‘अँटेना बिल्सडेलकडे नाही, अमुक दिशेला आहे’ असं फोटोसकट लिहा. नेमकं लिहिलं की काम लवकर होतं, असा माझा अनुभव आहे.

फ्रीव्ह्यूच्या (अँटेनावरच्या मोफत टीव्ही सेवेच्या) संकेतस्थळावर तुमचा पोस्टकोड टाकला की प्रत्येक मल्टिप्लेक्सचा क्रमांक आणि अपेक्षित सिग्नल दिसेल. तो तक्ता, अँटेनाची दिशा, बुचाचा रंग आणि सहाही गठ्ठ्यांचे दर्ज्याचे आकडे इथे लिहा. सगळं बरोबर असूनही दर्जा कमी निघाला, तर छतावर कुठला अँप्लिफायर लावायचा ते सांगतो.