हताश करणारे सिनेमे आणि पुस्तकं लोक मुद्दाम का शोधतात?

तुमचा प्रश्न असा आहे: घरात-दारात, पेपरात रोज एवढं वाईट दिसत असताना लोक पैसे मोजून आणखी निराशा बघायला-वाचायला का जातात, आणि अशाने माणूस खचत नाही का? प्रश्न एक दिसला तरी आत दोन आहेत. खचण्याचं नंतर बघू, कारण तिथे जरा जपून बोलावं लागतं.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. दुःख बघायला मराठी माणूस कधी लाजलेला नाही. ‘श्यामची आई’ वाचून पिढ्यानपिढ्या रडल्या. 1991 साली ‘माहेरची साडी’ लागला तेव्हा बायका रुमाल घेऊन जायच्या आणि भिजवून परत आणायच्या. तेव्हा तुमचा हा प्रश्न कुणी विचारला नाही. तिथे रडून झालं की हलकं वाटतं, छळणारं कोण ते पक्कं ठाऊक असतं, त्याच्या नावाने बोटं मोडता येतात आणि बाहेर येऊन भेळ खाता येते. तुम्हाला खटकतायत ते हे सिनेमे नव्हेत. बोटं मोडायला कुणी सापडत नाही, म्हणून जे घरी सोबत येतात, ते खटकतायत.

माझ्यासाठी त्यातला सगळ्यात वरचा म्हणजे बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांचा ‘मेघे ढाका तारा’ (1960). फाळणीत पूर्व बंगालातून उखडून कलकत्त्याच्या कडेला निर्वासितांच्या वस्तीत राहणारं एक कुटुंब. थोरली मुलगी नीता. बाप शाळामास्तर, मोठा भाऊ शंकर गाण्याच्या नादात, धाकटी दोघं आपापल्या. बापाचं अंथरूण धरणं, धाकट्या भावाचा कारखान्यातला अपघात, प्रत्येक वेळी घर नीताकडे बघतं. ती शिक्षण सोडते, नोकरी धरते. तिचा सनत तिची वाट बघून कंटाळतो आणि तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न करतो. शेवटी तिला क्षय होतो.

एवढ्याशा कथेवर ‘माहेरची साडी’सुद्धा झाली असती. मग घटकांनी वेगळं काय केलं? त्यांनी खलनायक काढून टाकला. नीताची आई तिच्या लग्नात आडवी येते, पण का, तर ही गेली तर उद्या चूल कशी पेटणार, एवढाच तिचा हिशेब. नीता आणि सनत बोलत असताना आई बघत असते आणि चुलीवर रटरटणाऱ्या अन्नाचा आवाज मोठा होत जातो. तो आवाज ऐकल्यावर त्या बाईला शिवी देणं जमत नाही. पुढे नीता सनतच्या घराचा जिना उतरते, तेव्हा चाबकाचे फटके ऐकू येतात. पडद्यावर चाबूक नाही, मारणाराही नाही.

आणि मग शिलाँगच्या सॅनेटोरियममधला शेवट. गायक म्हणून नाव कमावलेला शंकर तिला भेटायला येतो आणि घरच्या गोष्टी सांगत बसतो, बहिणीचं मूल कसं दुडुदुडु पळतं वगैरे. ऐकता ऐकता नीता एकाएकी ओरडते: दादा, मला जगायचं होतं. कॅमेरा डोंगरांवरून गरगर फिरतो आणि तिचा आवाज तिथे घुमत राहतो.

सगळा सिनेमा आपण जिला त्यागमूर्ती समजत होतो, तिला त्यागबिग काही करायचा नव्हता, हे तेव्हा कळतं. तिला जगायचं होतं.

माझं उत्तर इथेच आहे. हताशा दाखवायची तर आधी कुणाला तरी काहीतरी मनापासून हवं असलेलं दाखवावं लागतं. ज्याला काहीच नको, त्याचं काही हिरावूनही घेता येत नाही. म्हणून चांगल्या हताश कलाकृतीत इच्छा जेवढी लख्ख दिसते तेवढी आनंदी सिनेमात सहसा दिसत नाही. तिथे इच्छा पुरी होते आणि आपण ती विसरून जातो. लोक निराशा बघायला जातात असं आपण म्हणतो खरं, पण मला वाटतं ते ही इच्छा बघायला जातात. आपल्याही पोटात दडपून ठेवलेलं काहीतरी असतंच, आणि नोकरी, हप्ते, पाहुणेरावळे यांच्या धबडग्यात त्याचं नाव काढायला कुणाला वेळ नसतो.

(घटक 1960च्या दशकात काही काळ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होते, उपप्राचार्यही होते. पुढे दिग्दर्शक झालेले कुमार शहानी, मणी कौल, जॉन अब्राहम हे त्यांचे तिथले विद्यार्थी. पुण्यात राहून हा सिनेमा बघितला नसेल तर ते एक कर्ज अंगावर आहे असं समजा.)

आता हीच कसोटी दुसऱ्या सिनेमांना लावून बघा. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरियो द सिकाच्या ‘उंबर्तो डी.’मध्ये (1952) सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला एक म्हातारा आहे. पेन्शन पुरत नाही, भाडं थकलंय, घरमालकीण बाहेर काढायला टपलेली. सोबतीला फक्त एक कुत्रा. एका प्रसंगात तो भीक मागायला हात पुढे करायचा सराव करतो. खरोखर एक माणूस पैसे द्यायला थांबतो, आणि त्याच क्षणी म्हातारा तळवा उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का ते बघत होता. मग तो आपली हॅट कुत्र्याच्या तोंडात देऊन स्वतः खांबाआड लपतो. त्याला पैसे हवेतच, पण त्याहून जास्त काय हवंय ते एका मनगटाच्या वळणात कळतं. हा प्रसंग पाहिल्यावर ‘स्वाभिमान’ या विषयावरची व्याख्यानं मला ऐकवत नाहीत.

अशा सिनेमांवर सरकारी माणसं चिडतात हेही जुनंच. ‘उंबर्तो डी.’ आला तेव्हा इटलीच्या सरकारात असलेल्या, पुढे पंतप्रधान झालेल्या जूलियो आंद्रेओत्तींनी जाहीर पत्र लिहून द सिकाला झापलं की तू देशाची वाईट सेवा करतोयस. आपल्याकडे 1980 साली राज्यसभेत नर्गिस दत्त यांनी सत्यजित राय परदेशात भारताची गरिबी दाखवतात अशी तक्रार केली. तुमचा प्रश्न त्या जातीचा नाही, तुम्ही प्रेक्षकाच्या काळजीने विचारताय. पण ‘असलं कशाला दाखवता’ हे वाक्य बहुतेक वेळा ज्याला कुठून तरी उत्तर द्यावं लागेल त्याच्या तोंडून येतं, एवढं ध्यानात असू द्या.

याच्या उलट, हल्ली ओटीटीवर निळसर-राखाडी रंगात बुडवलेल्या मालिका येतात. पाऊस सतत, दारू सतत, तपास अधिकारी तीन रात्री न झोपलेला. त्यांतल्या बहुतेकांत मला हताशा दिसत नाही, नुसता पोशाख दिसतो. त्या अधिकाऱ्याला नक्की काय हवंय ते आठ भाग झाले तरी कळत नाही. त्याने खचायला होत नाही, कंटाळा येतो.

मराठीत हा घोटाळा ‘कोसला’च्या बाबतीत फार झाला. नेमाड्यांनी ती पंचविशीत लिहिली, 1963 साली आली. खानदेशातल्या गावातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचं ते ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’, सगळ्याच गोष्टींना दिलेला तो तिरकस खांदा. वसतिगृहांतून किती पांडुरंग सांगवीकर हिंडले असतील त्याची गणती नाही. कशातच काही अर्थ नाही म्हणायचं, परीक्षा बुडवायची, दाढी वाढवायची. पण या नकलाकारांनी पुस्तकातून मनीचा मृत्यू वगळला. धाकटी बहीण जाते ती पानं वाचा. तिथे तो सगळा तिरकसपणा फाटतो आणि कळतं की या पोराला काहीच वाटत नाही असं नव्हे, उलट त्याला सोसवणार नाही इतकं वाटतंय. मनी काढून टाकली तर ‘कोसला’त फक्त टवाळी उरते. ती मजेदार आहेच, हसून पुरेवाट होते, पण मग तिला निराशेचं पुस्तक म्हणायचं कारण नाही.

नागराज मंजुळ्यांचा ‘फँड्री’ तुम्ही बहुधा पाहिला असेल, 2014 साली थिएटरांत लागला होता. त्यातल्या शाळकरी जब्याला काय काय हवंय बघा: शाळेतली शालू हवीय, जीन्स हवीय, काळी चिमणी हवीय, कारण तिची राख टाकली की शालू आपली होईल असं त्याने ऐकलंय. आणि वाट्याला काय येतं, तर अख्ख्या गावासमोर, शाळेसमोर, शालूसमोर डुक्कर धरायचं काम. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि घरचे सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात, डुक्कर निसटतं. थिएटरात या प्रसंगाला काही लोक हसतात. हसू येण्यासारखाच आहे तो, आणि हसल्याबद्दल नंतर स्वतःचीच चीड यावी अशीच त्याची रचना आहे. मग भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र आणि त्याच्यासमोरून डुक्कर वाहून नेणारी भावंडं. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो कॅमेऱ्यावर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर. इथे मारणारा हात सापडतो, आणि तो बघणाऱ्यांच्या गर्दीतला असतो. घटकांकडे जी हताशा आत वळली होती ती इथे बाहेर वळली. मला व्यक्तिशः हे जास्त निरोगी वाटतं, पण म्हणून ‘फँड्री’ ‘मेघे ढाका तारा’पेक्षा मोठा, असं मी म्हणणार नाही.

जी. ए. कुलकर्णींचं नाव घेतल्याशिवाय मराठीत हे उत्तर पुरं होत नाही, आणि त्यांच्याबद्दल माझं मन अजून ठरत नाही. त्यांच्या कथांत माणसाचं वाटोळं बहुतेक आधीच ठरलेलं असतं. सोंगट्या मांडून ठेवलेल्या, फासे दुसऱ्याच्या हातात. ‘रमलखुणा’तल्या लांब रूपककथा वाचताना मला कधी कधी वाटतं की इथे माणूस नाही, प्यादं आहे. प्याद्याबद्दल मला हळहळ वाटत नाही. पण ‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ घ्या. मठाच्या पोटात एका माणसाला स्वामी म्हणून कोंडून ठेवलंय. सगळी सोय आहे, मान आहे, फक्त बाहेर जाता येत नाही. तिथे तो एक वेल वाढवतो आणि त्या वेलाला उजेडाकडे जाऊ देतो. स्वतः जाणार नाही हे त्याला ठाऊक आहे. नियतीबद्दल पानंच्या पानं लिहून जे साधलं नसतं ते त्या वेलाने साधलं. आणि जी.ए. म्हणजे चोवीस तास काळोखात बसलेले गृहस्थ असावेत असा ज्यांचा समज आहे त्यांनी त्यांची पत्रं वाचावीत. ती खोडकर आहेत, पुस्तकांच्या आणि चित्रांच्या गप्पांनी भरलेली.

चित्रकलेतलं एकच सांगतो. स्पेनचा गोया म्हातारपणी, ठार बहिरा झालेला असताना, माद्रिदच्या बाहेरच्या आपल्या घराच्या भिंतींवर 1819 ते 1823 या काळात 14 चित्रं रंगवून बसला. कुणी सांगितलेली नव्हती, विकायची नव्हती, त्याने त्यांना नावंही दिली नाहीत. ती पुढे इतरांनी दिली. पन्नासेक वर्षांनी ती भिंतींवरून उतरवून कॅनव्हासवर घेतली आणि आता प्रादो संग्रहालयात आहेत. त्यांतल्या एकात एका कुत्र्याचं फक्त डोकं दिसतं, खालचं सगळं उतारात गेलेलं, आणि वर प्रचंड रिकामी पिवळट जागा. कुत्रा वर बघतोय. काय बघतोय ते गोयाने काढलेलं नाही. ‘लोक हे का बघतात’ याच्याही आधीचा प्रश्न मला हा वाटतो: जे कुणाला दाखवायचंच नव्हतं, ते त्याने एवढं नीट का रंगवलं?

आता खचण्याबद्दल. खचतो का माणूस? कधी कधी, हो. 1774 मध्ये जर्मन लेखक गटेची वेर्टरची कादंबरी आली, प्रेमात हरलेल्या तरुणाची, आणि ती वाचून पोरं तसे कपडे घालू लागली. आत्महत्या होतायत अशी ओरड झाली, लाइपझिगमध्ये पुस्तकावर आणि त्या पोशाखावरही बंदी आली. खरोखर किती जण त्या पुस्तकापायी गेले यावर अभ्यासकांत वाद आहे. मात्र 1974 साली डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की आत्महत्येची बातमी पेपराच्या पहिल्या पानावर गाजली की पाठोपाठ आत्महत्या वाढतात. म्हणजे धोका खोटा नाही. पण तो कुठे आहे बघा: मरण्याला देखणं केलं, कसं मेला याचं साग्रसंगीत वर्णन केलं, सगळ्यांना शेवटी पश्चात्ताप झाला असं दाखवलं, की तो येतो. वेर्टरमध्ये ते देखणेपण आहे. नीता मरणाला देखणं करत नाही. ती ओरडून जगणं मागते.

आणि हे विचारताना तुम्ही स्वतःबद्दल विचारत असाल, म्हणजे झोप उडालीय, कशातच रस उरला नाही, जेवण जात नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर मग सिनेमा बघावा की बघू नये हा प्रश्नच नाही, डॉक्टर गाठावा. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा 14416 या नंबरावर आहे, मराठीतही बोलतात. तोवर यातलं काही बघू नका, हे सिनेमे कुठे पळून जात नाहीत.

नसेल तसं, तर ‘फँड्री’पासून सुरू करा. भाषा आपली आहे आणि मध्ये मध्ये हसायला मिळतं. ‘मेघे ढाका तारा’ सुट्टीच्या दिवशी, शक्यतो कुणासोबत बघा, कारण नंतर बोलावंसं वाटतं. ‘उंबर्तो डी.’ घरात कुत्रा पाळला असेल तर जरा बेतानेच. कुत्रा शेवटी मरत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.