‘नंतर बघू’ म्हणाले तरी पत्र द्याच : रस्तेकामातील दाव्यांविषयी प्रश्नोत्तरे

चतुर्थी आटोपून कामे पुन्हा सुरू व्हायच्या सुमारास कंत्राटदारांची पत्रे येऊ लागतात. गोंधळ दरवर्षी तोच असतो, म्हणून निवडक प्रश्न घेतो.

जून ते सप्टेंबर काम बंद होते. पडून राहिलेल्या यंत्रांचे भाडे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे (साबांखा) मागता येईल का? (डिचोली)

नाही. गोव्यात जूनमध्ये पाऊस लागतो हे धरूनच निविदा भरायची असते.

रुंदीकरणात विजेचे खांब हलवायला सात महिने गेले. एका तुकड्याचा ताबाही उशिरा मिळाला. अभियंते म्हणाले, “काम चालू ठेवा, नंतर बघू.” दंडाशिवाय मुदतवाढ मिळाली. आता नुकसानभरपाई मागायची आहे. (पेडणे)

तुमची तक्रार रास्त आहे. खांब, जलवाहिन्या, जमिनीचा ताबा ही जबाबदारी बहुतेक करारांत खात्याचीच असते. आपल्याकडे रस्त्याला लागून घरे, माड, कोमुनिदादची म्हणजे गावकीची सामाईक जमीन, पुढे खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन. त्यामुळे मोकळी जागा सलग मिळणे कठीण, आणि निम्मे तंटे इथेच जन्म घेतात.

पण मुदतवाढ मिळाली म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. मुदतवाढीने दंड टळतो, एवढेच. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम ५५ वाचा. समोरच्याने उशीर केला आणि तुम्ही तो निमूट स्वीकारलात, तर पुढे भरपाई मागता येत नाही. स्वीकारतानाच ‘नुकसान मागणार आहोत’ अशी सूचना द्यावी लागते. कित्येक करारांत ‘उशिराबद्दल फक्त मुदतवाढ’ असे कलम असते, ते वेगळेच. फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता-महासंघाच्या नमुन्याच्या करारात तर घटना कळल्यापासून २८ दिवसांत सूचना लागते. ‘नंतर बघू’ ऐकून गप्प बसणारे कंत्राटदार पाहिले की जीव तुटतो.

एका लवादात हिंड्रन्स रजिस्टर, म्हणजे कामातल्या अडथळ्यांची नोंदवही, माझ्या हातात आले होते. चौदा महिन्यांच्या नोंदी, सगळ्या एकाच निळ्या शाईत, एकाच वळणाच्या. पानांचे कोपरे कोरे करकरीत. साइटवरच्या वहीला तांबड्या मातीचा एक डागही नाही! अडथळे खरे होते, मी स्वतः ते पाहिले होते. पण वही शेवटी बसून लिहिली होती, आणि समोरच्या वकिलाने ती नुसती लवादापुढे उघडून ठेवली. दावा तिथेच ढासळला.

म्हणून अडथळा आला त्याच दिवशी पत्र द्या. कुठल्या चेनेजपासून (रस्त्यावरच्या अंतराच्या खुणेपासून) कुठपर्यंत, कुठला खांब, कुठले यंत्र आणि किती माणसे थांबली, ते लिहा. आवक शिक्का घ्या. वहीत कनिष्ठ अभियंत्याची सही त्याच आठवड्यात घ्या. व्हॉट्सअॅपवरचे फोटो चालतात, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. मूळ फोटो असलेला फोन विकू नका.

तुमच्या प्रकरणात मुदतवाढीच्या अर्जात ‘नुकसानीचा हक्क राखून’ असे शब्द आहेत का, ते आधी शोधा. सगळी फाइल घेऊन करारांची कामे करणाऱ्या वकिलाकडे जा. त्याआधी खात्याला एकही नवे पत्र पाठवू नका.

डांबर महागले. करारात भाववाढीचे कलम नाही. (सांगे)

मग सहसा मिळत नाही. करारातल्या विशेष अटी मात्र कुणा जाणकाराकडून तपासून घ्या.

एक सल्लागार म्हणतो, दावा तिप्पट करा, तडजोडीत निम्मा तरी सुटतो. त्याला टक्केवारी हवी आहे. (फोंडा)

त्याला दार दाखवा. लवादाची फी बहुधा दाव्याच्या रकमेवर ठरते, म्हणजे फुगवलेल्या आकड्याचा भुर्दंड तुम्हालाच. शिवाय करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे नुकसान आटोक्यात ठेवायला तुम्ही काय केलेत, हेही विचारात घेतले जाते. पेव्हर (डांबर पसरवणारे यंत्र) दुसऱ्या कामावर पाठवता आला असता का, हा प्रश्न येणारच. यंत्राचे लॉगबुक आणि हजेरीपट दाखवतील तेवढेच मागा. हिशेब स्वतंत्र अभियंत्याकडून करून घ्या.

अंतिम बिल मिळावे म्हणून ‘काहीही मागणी शिल्लक नाही’ यावर सही केली. दावा संपला का? (काणकोण)

आपोआप संपत नाही. सही दबावाखाली घेतली हे सिद्ध झाले तर मागणी ऐकली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. पण दबाव होता असे नुसते म्हणून भागत नाही. सहीनंतर लगेच निषेधाचे पत्र दिले होते का? सहा महिन्यांनी आठवलेला दबाव कुणी मानत नाही. बिलाची प्रत आणि बँकेचे तगादे असतील तर ते घेऊन वकील गाठा.

साबांखाशी पत्रव्यवहार चालू आहे, तोवर कायद्याची मुदत थांबते ना? (वाळपई)

थांबत नाही. साधारण तीन वर्षांची मुदत तुमच्या स्मरणपत्रांनी वाढत नाही. खात्याने लेखी देणे कबूल केले असेल तर गोष्ट वेगळी, पण ‘प्रकरण विचाराधीन आहे’ या उत्तराला सहसा कबुली मानत नाहीत. पैसे कुठल्या तारखेला देय झाले, ते आजच वकिलाकडून मोजून घ्या.