मित्रासोबत गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) छोटा गेम बनवतोय. दोघांचं काम गिटवर (फायलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) एकत्र केलं की सीन, म्हणजे गेमचे तुकडे, बिघडतात. काय करावं?

एकाच सीनमध्ये दोघांनी एकाच वेळी बदल केले की हे होणारच. गोडोची सीन फाइल साधा मजकूर असते. नोड, म्हणजे सीनमधला एखादा घटक, जोडला, हलवला की तिच्या ओळी बदलतात आणि दोघांपैकी कुणाचं ठेवायचं हे गिटला ठरवता येत नाही. म्हणून अख्खी लेव्हल एकाच सीनमध्ये कोंबू नका. खेळाडू, शत्रू, दार, मेनू यांचे वेगळे सीन करून ते लेव्हलमध्ये जोडा, आणि लेव्हलला आज कोण हात लावणार ते आधी ठरवा.

गोडो ४ मध्ये ‘.गोडो’ (.godot) फोल्डर गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या गोष्टींच्या यादीत टाका, ते प्रत्येकाच्या मशीनवर पुन्हा तयार होतं. चित्रांशेजारच्या ‘.इम्पोर्ट’ (.import) फायली मात्र कमिट करायच्याच, म्हणजे गिटमध्ये नोंदवायच्याच. इथेच अनेकजण चुकतात. दोघांकडे गोडोची आवृत्ती हुबेहूब तीच हवी. जड फायली गिट एलएफएसमध्ये (मोठ्या फायली वेगळ्या ठेवणारी गिटची जोड) ठेवा, १०० एमबीवरची फाइल गिटहब, म्हणजे गिटचं काम ऑनलाइन ठेवायची साइट, एरवी घेतच नाही.

गेम स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) आणणार असाल तर प्रत्येक गेमची फी १०० डॉलर, ती भरल्यावर ३० दिवस थांबणं, आणि गेम लवकरच येतोय हे सांगणारं ‘कमिंग सून’ पान किमान दोन आठवडे आधी लावणं हे वेळापत्रकात धरा. पैसे एकाच खात्यात जमा होतात, तेव्हा वाटणी आत्ताच कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.